विमानघराची साफसफाई

विमानघराचं दार उघडलं आणि मी दोन पावलं मागे आलो. आत वटवाघळांच्या लेंड्यांचा, कुजक्या कागदांचा आणि जुन्या मुताचा असा काही वास कोंडला होता की डोळ्यांतून पाणी आलं. मी धिवराच्या घरातला. वडील तलावात जाळं टाकत, आई अंगणात मासळी वाळत घाली आणि त्या मासळीशेजारी बसून मी पाढे पाठ केले. नागपूरला कॉलेजात असताना वसतिगृहातल्या एका मुलानं माझी ट्रंक खोलीबाहेर ठेवायला लावली होती, इतका तो वास माझ्या कपड्यांत मुरला होता. त्यामुळे वासाची किळस मला सहसा येत नसे. त्या सकाळी मात्र मी पायरीवर बसून ओकलो.

मागे उभ्या असलेल्या चौकीदारानं तांब्या पुढे केला. "चूळ भरा बाबू. पहिल्या दिवशी समद्यायले होते असं. साहेबाले त चक्कर आल्ती."

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, जंगलाच्या तोंडाशी ही इमारत होती. लढाईच्या दिवसांत पलटणीसाठी तिथे मुरमाची धावपट्टी दाबून काढली होती. लढाई संपल्यावर एका लहानशा विमान कंपनीनं ती जागा घेतली आणि पट्टीच्या कडेला हे घर बांधलं. नागपूरला रात्री चारी दिशांची टपालविमानं एकत्र येतात, तसा मेळ आपण दिवसा इथे घालू, असं तिच्या मालकांच्या मनात होतं. उत्तरेकडून आलेला माणूस इथे उतरेल, टाकी भरेपर्यंत बाकावर बसेल आणि दुसऱ्या विमानानं हैदराबादला किंवा रायपूरला जाईल. दोन-तीन वर्षं तसं खरोखर चाललं. ती विमानं आमच्या तलावावरून जात तेव्हा मी शाळेत होतो. वडील हातातलं जाळं तसंच धरून वर बघत आणि म्हणत, "पाह्य, मानसं जाऊन राह्यली." पुढे कंपनी बुडाली आणि इमारत सरकारच्या गळ्यात आली.

मी बी.ए. झालो तो सरकारी शिष्यवृत्तीवर. तिचा अर्ज आमच्या हेडमास्तरांनी स्वतःच्या हातानं लिहिला होता. बांधकाम खात्यात कारकून म्हणून लागलो तेव्हा आमच्या घरात सरकारी शिक्क्याचा कागद पहिल्यांदा आला, आणि आईनं तो देव्हाऱ्यात ठेवला. मी हे अशासाठी सांगतो, की पुढे जे घडलं त्या वेळी मी कुठल्या मनाचा होतो ते कळावं. सरकारनं मला माणसांत आणलं होतं. सरकारचं काम वाईट असेल असं मला वाटतच नसे.

त्या वर्षी आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता आणि नागपूरची राजधानी उठली होती. नव्या राज्यानं सगळ्या जुन्या जागांची पाहणी काढली. कुठलं विमानतळ ठेवायचं, कुठलं वाढवायचं, कुठलं मोडायचं, हे ठरवायला एक कमिटी येणार होती, आणि ती आमच्या पट्टीवर विमानानं उतरणार होती. तोवर जागा दाखवण्यासारखी करून ठेवणं हे आमच्या ओव्हरसिअरसाहेबांचं काम, आणि जागेवर राहून ते करून घेणं माझं. मी आनंदानं गेलो. विमानतळ जागं झालं तर पक्की सडक येईल आणि त्यामागून दवाखाना येईल, असं मी धरून चाललो होतो. माझी धाकटी बहीण तापात बैलगाडीत गेली होती, दवाखान्याच्या अलीकडे दोन कोसांवर.

आत काय होतं ते सांगतो. मोठ्या दालनात सागवानी बाक होते, त्यांची बसायची बाजू वाळवीनं खाल्लेली. हात ठेवला की लाकूड ओल्या भाकरीसारखं दबायचं. तिकिटाच्या खिडकीमागे कंपनीच्या वह्यांचा लगदा झाला होता आणि त्यात उंदरांची पिल्लं होती, लाल, डोळे न उघडलेली. समोरच्या भिंतीवर रंगवलेला मोठा नकाशा होता. त्यात हे गाव मधोमध, आणि तिथून नागपूर, रायपूर, हैदराबाद, विशाखापट्टणकडे लाल रेघा गेलेल्या. ओल चढून त्या रेघा खाली ओघळल्या होत्या. कोपऱ्यात माणसांचं वजन करायचा काटा होता. त्या काळी प्रवाशाला सामानासकट त्यावर उभं करत. त्या काट्यावर आता चौकीदाराची बायको सुक्या मोहाची पोती तोलायची.

चौकीदार गोंड होता, तिथल्याच गावचा, पन्नाशीचा. कंपनी असताना तो प्रवाशांच्या पेट्या उचलायचा, आणि विमान उतरायच्या आधी पट्टीवरची गुरं हाकलायचा. कंपनी गेली तरी तो कंपनीचा खाकी कोट घालत होता. पुढे सरकारनं त्याला चौकीदार म्हणून ठेवून घेतलं. दोघं नवराबायको इमारतीला लागून असलेल्या टपालाच्या खोलीत राहत. ती खोली मात्र शेणानं सारवलेली, लख्ख होती. एवढ्या मोठ्या इमारतीत तेवढ्याच जागेत मला जेवण जायचं.

सगळ्यांत घाण होता तो साहेबी संडास. पांढऱ्या चिनी मातीचं भांडं, खास विमानातल्या लोकांसाठी मुंबईहून आणलेलं. पाणी कधीच बंद झालेलं. तरी येणारे-जाणारे, रस्त्याच्या कामावरचे, आमच्याच खात्यातले, सगळे तिथे बसून गेले होते. भांडं काठोकाठ भरून वाळलं होतं, वर पाला, पाल्यात मेलेला बेडूक. ओव्हरसिअर जीपमधून आले, नाकाला रुमाल लावून दारातूनच बघितलं आणि पान थुंकून म्हणाले, "हे आरशासारखं पाहिजे. कमिटीतले लोक पहिले इथेच येतील. तीन तासांचा प्रवास करून येतात ते."

"सफाईचा माणूस चांद्याहून पाठवाल का साहेब?"

"पाठवतो ना." आणि ते गेले. माणूस काही आला नाही.

चौकीदारानं हात जोडले. "बाबू, गुरं हाकलतो, लाकडं फोडतो, वटवाघळं काढतो. हे नाई जमत मले."

चौथ्या दिवशी मी स्वतः धोतर खोचलं आणि फावडं घेतलं. दुपार त्यात गेली. चारदा बाहेर येऊन ओकलो. शेवटी राख आणि विटकरीचा भुगा लावून भांडं घासलं, तेव्हा खालून निळ्या अक्षरांतलं कारखान्याचं नाव दिसलं. मला त्याचा अभिमान वाटला. चौकीदाराची बायको विहिरीवरून पाणी ओढून देत होती. ती म्हणाली, "एवढं शिकले बाबू, न् हे काऊन करून राह्यले?"

"सरकारी काम आहे बाई."

"सरकारनं हागलं काय इथी?" ती म्हणाली आणि पुढची बादली ओतली.

आता झाडांचं सांगायला हवं. पट्टीच्या पूर्वेच्या टोकाला मोहाची बावीस झाडं होती. माझ्याजवळच्या कागदांत एक आराखडा होता. मोठी विमानं उतरवायची तर पट्टी त्या बाजूला वाढवावी लागेल, आणि झाडं काढावी लागतील. जमीन सरकारची, झाडं जंगलखात्याची. कागदावर ती कुणा माणसाची नव्हती. गावात मात्र प्रत्येक झाडाला घर होतं. अमुक झाड अमक्याच्या चुलीचं, तमुक झाड तमक्या घरच्या सुनेचं. दुसऱ्याच्या झाडाखाली पडलेलं फूल कुणी उचलत नसे. चौकीदाराच्या बायकोची तीन झाडं होती. ती फुलं वाळवून ठेवली की पावसाळ्याचे दिवस त्यांवर निघत. भात संपला की मोह शिजवून खात, उरलेला अहेरीकडून येणारा व्यापारी मिठाच्या आणि कापडाच्या बदल्यात नेई.

मी झाडं मोजायला गेलो तेव्हा ती माझ्या मागोमाग आली. मी प्रत्येक बुंध्यावर चुन्याचा आकडा घालत होतो. तिच्या तिसऱ्या झाडाशी तिनं विचारलं, "हा आकडा काऊन?"

मी खोटं बोललो नाही. कमिटीनं हो म्हटलं तर झाडं जातील, असं सांगितलं. नवी झाडं लावू, असंही म्हणालो.

"मोहाले फूल यायले किती साल लागते मालूम हाये?"

मला माहीत नव्हतं.

"माह्या सासूच्या सासूनं हे राखलं," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी दोघांचं भांडण मी ओसरीवरून ऐकलं.

"विमान आलं त मले पक्की नोकरी भेटंल," चौकीदार सांगत होता. "नवा कोट भेटंल. तुले तीन झाडाचं पडलं."

"कोट शिजवून खासान का श्रावनात?"

"पगारात तांदूळ येते ना वं."

"आतापावतर किती आले? त्या काट्यावर उभे राहा एकडाव. कोटासंगं तोलून सांगतो तुमी किती भरता ते."

तो हसला. तीही हसली असावी, कारण मग जेवणाची भांडी वाजली. मला दोघांचंही बरोबर वाटत होतं. पण मी ज्याचं मीठ खात होतो त्याला विमानतळ हवं होतं, आणि मलाही हवं होतं. झाडांबद्दल वरिष्ठांना दोन ओळी लिहाव्यात असं मनात आलं. त्या मी लिहिल्या नाहीत. नव्या नोकरीत आगाऊपणा दिसला असता.

कमिटीच्या आदल्या दिवशी ओव्हरसिअरांनी शेवटची फेरी मारली. दालन धुतलेलं, बाकांवर सतरंज्या, नकाशावर नव्यानं ओढलेल्या लाल रेघा. ते खूश होते. पट्टीच्या टोकाला गेल्यावर मात्र त्यांचं तोंड वाकडं झालं. मोहाखाली पाचोळ्याचा थर होता. "विमान याच बाजूनं खाली येणार. वरून पहिलं हेच दिसणार. झाडाखाली एक पान दिसता कामा नये."

मी गावातल्या लोकांना बोलावलं आणि तोच हुकूम दिला. साहेब थोडे लांब उभे होते. पाचोळा रोजच गळतो, आज काढला तर रात्रीतून पुन्हा पडेल, म्हणून मी अक्कल चालवली आणि म्हणालो, "उद्या सकाळीच करा. विमान यायच्या आत. म्हणजे जमीन स्वच्छ दिसेल."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. चौकीदारानं विचारलं, "सकाळी, बाबू?"

"सकाळीच."

"सांजेले करतो ना आमी. सांजेले वारा पडते."

"नाही. सकाळी, विमान यायच्या आत."

"बरं," तो म्हणाला. हुकूम म्हणजे हुकूम, हे तो कंपनीकडून शिकला होता.

मी तलावाकाठचा माणूस. आमच्याकडे झाडाखाली साफ करायचं म्हणजे खराटा. मोहाखाली कुणी खराटा मारत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. फुलं गळायला लागली की मोहाचे लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. जमीन काळी होते आणि पहाटे पडलेलं पिवळसर फूल तिच्यावर लांबून दिसतं. त्यांना साफ करण्याची ती एकच रीत माहीत, आणि त्यासाठी ते संध्याकाळची पडलेल्या वाऱ्याची वेळ बघतात. तेवढीच एक गोष्ट मी बदलायला लावली होती, आणि ती कशासाठी महत्त्वाची आहे ते न विचारता.

सकाळी आम्ही सगळे विमानघरासमोर रांगेत उभे होतो. हार होते, शहाळी होती. उत्तरेकडून घरघर ऐकू आली आणि चौकीदार कोटाची बटणं लावत पट्टीवर गुरं बघायला धावला. त्याच वेळी पूर्वेकडच्या टोकाला बावीस झाडांखाली एकदम धूर उठला. पहाटेची फुलं वेचून झाल्यावर बायकांनी आपापल्या झाडाखाली काडी लावली होती. दिवस वर आलेला, वारा सुटलेला. धूर सरळ वर न जाता पट्टीवर आडवा झाला आणि दोन-चार मिनिटांत पट्टी दिसेनाशी झाली. त्या धुरातून चौकीदाराच्या हाकाट्या ऐकू येत होत्या. तो अजून बकऱ्या हाकलत होता.

विमानानं डोक्यावरून एक घिरटी घातली, मग दुसरी. इतकं खाली आलं की खिडकीतला एक चेहरा दिसला. मग ते वर उठलं आणि नागपूरच्या दिशेनं निघून गेलं.

ओव्हरसिअर हातात हार घेऊन उभे होते. चौकीदार खोकत, डोळे पुसत परत आला आणि म्हणाला, "गेलं काऊन साहेब? पट्टी मोकळीच होती." त्यांनी त्याच्या कानशिलात मारली. मग दंडाला धरून ओढत नेलं आणि त्या साहेबी संडासात ढकलून बाहेरून कडी घातली.

"झाडं वाचवायला केलं या लोकांनी," ते मला म्हणाले. "याची बायको यात आहे. ठाण्यावर सायकल पाठवा, आणि तुम्ही रिपोर्ट लिहा. जाणूनबुजून, सरकारी कामात अडथळा, आगीचा कट. सगळं लिहा. साक्षीदार म्हणून तुमची सही."

मी लिहिला. हे लपवत नाही. माझं अक्षर चांगलं होतं, हेडमास्तरांनी ते छड्या मारून घडवलं होतं. त्या अक्षरात मी लिहिलं, की चौकीदारानं व त्याच्या पत्नीनं झाडं तोडली जाऊ नयेत या हेतूनं आग लावली. लिहिताना एकही खाडाखोड झाली नाही. पुढे कितीतरी वर्षं मला याचीच सर्वांत जास्त किळस आली, की खाडाखोड झाली नाही.

चौकीदाराची बायको दारात येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर काजळी, पदराला धुराचा वास. तिनं ओव्हरसिअरांकडे बघितलंही नाही.

"बाबू, तुमीच म्हनलं ना सकाळी?"

मी दौतीकडे बघत राहिलो.

"काय म्हणते ती?" ओव्हरसिअरांनी विचारलं.

"काही नाही साहेब."

ती हलली नाही. नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली. सकाळी विमानघरासमोरच्या रांगेत मी किती ताठ उभा होतो, ते मला आठवलं. तेच अंग आता मला घाणेरड्या फडक्यासारखं वाटत होतं.

हवालदार यायला दुपार झाली. तोवर संडासातून एक शब्द आला नव्हता. उन्हानं पत्रा तापला होता. आत उभंही राहता येत नव्हतं, हे मी ते भांडं घासलेलं असल्यामुळे जाणत होतो. हवालदारानं टोपी काढून घाम पुसला, कागद मागितला आणि सहीची जागा दाखवली. मी टाक उचलला, तेवढ्यात आतून आवाज आला.

"बाबू, कोनी हाये का बाहेर?"

"आहे."

"विमानाचा आवाज आल्यासारका वाटला मले. परत येत असंल त पट्टी बघा कोनी. या टायमाले पाटलाच्या बकऱ्या येतेत."

आवाज कसलाच नव्हता. मारलेला, कोंडलेला तो माणूस आतमध्ये तापलेल्या पत्र्याखाली कान देऊन विमानाची वाट बघत होता. कमिटीला, ओव्हरसिअरांना आणि मला मिळून जेवढं ते विमान हवं होतं, त्याहून जास्त त्या एकट्याला हवं होतं. आणि त्यानं ते मुद्दाम घालवलं, असं मी सुंदर अक्षरात लिहून ठेवलं होतं.

मी टाक खाली ठेवला. "साहेब, हुकूम माझा होता. सकाळी करा म्हणून मी सांगितलं. ते संध्याकाळी करत होते."

"पाचोळा काढायला सांगितला तुम्ही. जाळायला नाही."

"मोहाखाली असाच काढतात, साहेब. मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही."

ओव्हरसिअरांनी कागदावर बोट ठेवलं. "सही करा."

"नाही करत."

ते खुर्चीत मागे रेलले. "बाप काय करतो तुझा?"

"मासे धरतो."

"मग जा, तू पण तेच कर. डिग्री घेऊन कशाला आला इकडे?"

हवालदार मधल्यामध्ये उभा होता. त्यानं कागद उलटासुलटा केला, माझ्याकडे बघितलं, ओव्हरसिअरांकडे बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हे बाबू म्हनते हुकूम होता. मंग गुन्हा कोनावर लिहू मी? हुकमावर? त्याले बेड्या कशा घालू?" कुणी हसलं नाही. त्यानं स्वतःच जाऊन कडी काढली.

चौकीदार बाहेर आला. गाल सुजला होता. त्यानं कोट झटकला, सरळ केला आणि माझ्याकडे न बघता पट्टीकडे चालू लागला. पाटलाच्या बकऱ्या खरोखरच आल्या होत्या.

मला खुलासा मागणारा कागद आला. मी जे घडलं ते लिहून दिलं आणि नोकरी जाण्याची वाट बघत तिथेच राहिलो. वडिलांना कळवलं नाही. आठ-नऊ दिवसांनी कमिटी आली, या वेळी दोन जीपमधून, धूळ खात. चार माणसं होती. त्यांनी दालनात नाकाला रुमाल लावले. वटवाघळं काढली तरी वास गेला नव्हता. एकानं नकाशावरच्या मधल्या गावाला छडी लावून विचारलं, "हे हो काय? इथून सगळीकडे?" दुसरा हसला. संडासात कुणी गेलं नाही. थर्मासमधला चहा त्यांनी उभ्याउभ्याच घेतला.

त्यांच्यातल्या वयस्कर गृहस्थांनी तेवढं नीट सांगितलं. टाकी भरायला आता विमानं असं मधेच उतरत नाहीत, नागपूरहून एका दमात जातात. राजधानीही उठली. इथून कोण चढणार आणि कशाला? ते वाईट बोलले नाहीत. खरं तेच बोलले. म्हणजे हे सगळं आम्ही झाडायला घेतलं त्याच्या आधीच संपलेलं होतं. विमान उतरलं असतं तरी संपलेलंच होतं. त्या जागेचा पुढचा काळ कुणीतरी दूर बसून कधीच मोडीत काढला होता, आणि आम्ही इकडे त्याच्यासाठी एका माणसाला कोंडून ठेवत होतो.

ओव्हरसिअर तरी म्हणाले, "साहेब, पूर्वेकडची बावीस झाडं काढली की पट्टी वाढेल. आराखडा तयार आहे."

"कशाला?" ते गृहस्थ म्हणाले आणि कपात उरलेला चहा खिडकीबाहेर फेकला.

एवढ्यावर झाडं वाचली. ते पट्टीच्या टोकापर्यंत गेले नव्हते. मोहाचं झाड त्यांनी कधी बघितलं असेल की नाही कोण जाणे. सासूच्या सासूनं राखलेली झाडं त्यांच्या चहाच्या एका घोटाइतक्या वेळात वाचली, आणि तशीच जाऊही शकली असती. आनंद व्हायला हवा होता. मला शिसारी आली.

माझी नोकरी राहिली. ताकीद मिळाली आणि सिरोंच्याला बदली झाली. जायच्या आधीच विमानतळ बंद केल्याचा हुकूम आला. त्यात चौकीदाराची जागा रद्द होती. ओव्हरसिअरांचा शिपाई येऊन किल्ल्या घेऊन गेला, आणि सरकारी सामान म्हणून तो खाकी कोटही. कोट सरकारचा नव्हता, कंपनीचा होता, हे मी शिपायाला सांगितलं. त्यानं यादी दाखवली. यादी माझ्याच हातची होती. पहिल्या आठवड्यात दिसेल ते सगळं मी त्यात लिहिलं होतं.

निघायच्या सकाळी मी पट्टीच्या टोकाला गेलो. फुलांचा भर ओसरत आला होता. जमीन अजून काळी होती. बुंध्यांवरचे माझे चुन्याचे आकडे धुरानं करपले होते. दोघं नवराबायको तिसऱ्या झाडाखाली उकिडवी बसून वेचत होती. तो उघड्या अंगानं होता, तिच्यापेक्षा हळू वेचत होता.

"भाऊ," मी म्हणालो, "सिरोंच्याच्या कचेरीत चौकीदार लागतो का ते बघतो. तुमच्यासाठी शब्द टाकतो."

त्यानं मान वर केली नाही. ती म्हणाली, "नोका टाकू बाबू. तिथीबी खोली असंल कोंडाले."

"माझ्याकडून चूक झाली, बाई."

"झाली," ती म्हणाली. वेचणारा हात थांबला नव्हता. "आता जिथी जासान तिथी पहिले लोकायले विचाराचं. मंग सांगाचं."

मी उभा राहिलो. तेव्हा तो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, माझ्याशी बोलला.

"पाय उचला बाबू."

मी खाली बघितलं. बोलण्याच्या नादात मी चपलांसकट त्यांच्या झाडाखाली आलो होतो. पाय उचलला. टाचेखाली पाच-सहा फुलं चेंगरली होती. बाईनं ती एकेक करून उचलली, बाजूच्या दगडावर ठेवली. टोपलीत टाकली नाहीत.